पणच्या पुढचं

गाव बदललंय इथे, बोटीचा रंगसुद्धा.
हर्णै म्हणा.

ग्रामीण रुग्णालय, खोली चार.
तांडेल म्हणाला, सुकाणूवर असताना दोनदा
डोळ्यांपुढून समुद्रच गेला.
शुद्धीवर आलो तर तोंडात रक्त.
खलाशी जाळं ओढत होते, कुणी पाहिलं नाही.
मालकाला कळलं तर मी किनाऱ्यावर.
मग मुलीचं नर्सिंग?

पहिल्या दिवशी मी सांगितलेलं,
इथलं बोलणं इथेच राहील, पण
आणि पणच्या पुढचं
नेहमीसारखं घाईत,
फॉर्मवर सही घेता घेता.

आज तेच सावकाश म्हटलं.
बोटीवर आठ जण असतात, भाऊ.
"म्हणजे तुम्ही सांगणार."
आधी तुम्ही सांगा. मी सोबत येते.
सोमवारपर्यंत.
तो उठला. दार लावलं नाही.

संध्याकाळी लिलावाच्या वाळूत
त्याची बायको माझ्या पिशवीत बांगडे टाकते.
"ह्यांना हल्ली झोप लागते, मॅडम."
पैसे घेत नाही.
मी टोपलीच्या कडेला नोट खोचते,
ती मासळीच्या पाण्यानं भिजते.

सोमवार परवा आहे.
पहाटे चारला भरती.
खिडकीशी उभी राहते मी.
इतक्या वर्षांत इंजिनांचे आवाज
वेगवेगळे ओळखायला शिकले नाही.