दांडा

ढेबेवाडीच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या पलीकडं,
पोत्यावर दांडे मांडून बसायचा ज्ञानू सुतार.
मी त्याचा भाचा.
माझं काम सुटे पैसे मोजायचं,
आणि कुणी दांडा गुडघ्यावर वाकवून बघायला लागलं
तर घाबरायचं नाही.

वाकवूच द्यायचा तो. म्हणायचा,
"वाकत न्हाई त्ये लाकूड मला कशाला?"

साग देखणा, दाराखिडक्यांना बरा,
पण घावाला उभा राहत नाही.
शिसव जड; दुपारपर्यंत खांदा खाते.
बाभळ इमानी, तरी प्रत्येक घाव
तळहाताला परत करते,
जशी नणंद शब्द परत करते.
धामण मात्र गिळते.
हिसका आत घेते, लांब लांब नसांतून फिरवते,
मनगटापाशी पोचेतो
त्याचा नुसता गुणगुणाट उरतो.

नाव सापाचं.
लहानपणी मला वाटायचं, डोंगरात ही झाडं
रात्री जागा बदलत असतील.
मामा हसला नाही.
"हलत्यात की. वारं सुटलं की समदीच हलत्यात.
ही मोडत न्हाई, येवढंच."

तोडायची अंधाऱ्या पक्षात, पानं झडल्यावर,
जमिनीपासून वीतभर सोडून.
मग त्याच खोडाला चार फोक येतात,
चारातले दोन गुरं खातात.
साल पाण्यात कुजवली की दोर.
फळं आंबटगोड, बीच जास्त,
ती पोरांची आणि बुलबुलांची.
सरळ फोक कावडीला. बोटाएवढा चाबकाला.
आणि मनगटाएवढा, सहा महिने
चुलीवरच्या माळ्यावर धूर खाल्लेला,
तो कुऱ्हाडीला.

हौसा आली तेव्हा असा एकच उरला होता.
पदरात नुसतं कुऱ्हाडीचं पातं,
हातात मोडका दांडा:
काळा, तुकतुकीत,
धरायच्या जागी खोलगट झालेला.
मामानं तो उलटासुलटा केला,
खळग्यात आपला अंगठा ठेवला.
अंगठा बुडाला.
तो हात कुणाचा, हे मामाला ठाऊक असावं.
"आसाच करू?"
"न्हाई."
मिरचीचा खकाणा आला. तिघंही शिंकलो.
"मग हात कुनाचा?"
हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा.
"माझा."

त्यानं सुतळी घेतली, तिच्या मुठीभोवती फिरवली,
गाठ मारली. पुढं काही विचारलं नाही.
वाकस चालला. सोललेल्या लाकडाला
ओल्या ताकासारखा वास आला.
दोनदा तिच्या हातात दिला, दोनदा परत घेतला,
काचेच्या तुकड्यानं खरवडला,
नेढ्यात बसवून पाचर ठोकली.
"रातभर पान्यात ठिव. फुगंल, पातं धरून बसंल.
रंग बिंग लावू नगं, हात घसरतो."
तिनं उभी राहून एकदा हवेत घाव घातला.
मिरचीवाली दोन पावलं सरकली.

दिवाळीनंतर ती मोळी विकायला आली,
कुऱ्हाड खांद्यावर.
मामानं न विचारता ती उतरवून घेतली.
पांढरट दांड्यावर, बोटं पडतात तिथं,
काकवीचा रंग चढायला लागला होता.
"अजून बसला न्हाई," ती म्हणाली.
"वरीस लागतं," मामा म्हणाला. "हाताला बी."
आणि सरपण महाग देतेस म्हणून
तिच्याशी भांडायला लागला.

जुना दांडा ती न्यायला विसरली, का विसरली नाही,
कळलं नाही.
मोडलेलं टोक कापून मामानं तो हातोडीला बसवला.
पाचरा आता त्याच हातोडीनं ठोकतो.
मामा चहाला गेला की मी ती धरून बघतो.
चारही बोटं खळग्यात पडतात
आणि जागा उरते.