येथे म्हशींची चित्रे काढून मिळतील

बोर्डावर एवढंच आहे.
खाली बारीक अक्षरात:
मालकाचे काढायचे असल्यास दर दुप्पट,
कारण मालक हलतो.

डिप्लोमाला पाच वर्षं प्लॅस्टरची नाकं रेखाटली.
शेवटच्या दिवशी सर म्हणाले,
हात चांगलाय, लोहार. आता पोटाचं बघ.

पोटाचं बघितलं गंगावेशीत.
रात्री कट्ट्यावर धार काढतात,
गिऱ्हाईक ग्लास धरून उभं, ओठावर फेसाची मिशी.
मी वहीत उगाच रेघा ओढत होते,
म्हशीच्या डोक्यावर चुकून
जरीचा फेटा चढला.
मालक वाकून बघायला आला.
'ताई, हे मोठ्ठं करून दे.
सोप्यात लावतो, आज्ज्याच्या शेजारी.'

तेव्हापासून एकवीस फेटे,
चार चवऱ्या ढाळणारे,
एक नऊवारी नेसलेली मुऱ्हा,
आणि एक लांब शिंगांची,
फ्रेम पुरेना म्हणून जिची शिंगं
दोन्हीकडच्या भिंतींवर रंगवून आले.
पाडव्याला म्हशी नटून निघतात, तेव्हा
माझं दोन महिन्यांचं घरभाडं
मोरपिसं लावून पंचगंगेकडं चालतं.
आई पाहुण्यांना सांगते, पोरगी ड्रॉइंग टीचर आहे.

अण्णाप्पा चौगुले आले ते भर पावसात,
रुमालात गळ्यातली घंटा बांधून.
'गेली. फोटो न्हाई.
सांगतो तशी काढ. फेटाबिटा नको.'

डावा कान फाटका.
कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका.
'बघायची कशी?'
'हिशोब चुकल्यावर बायको बघती, तशी.'

डोळे तीनदा खरवडून काढले.
बायको त्यांची. मी कुठं बघितलेली?

चौथ्या दिवशी ते चित्रापुढं उभे राहिले.
बाहेर एक रिक्षा सुरू होईना,
तिची खटखट ऐकत आम्ही दोघं गप्प.
'हीच,' म्हणाले.
मग घसा खाकरला.
'पण लई शहाणी दिसाय लागलीया.
एवढी नव्हती ती.
जरा जीभ बाहेर काढ की.'

मी माझीच काढली.

ते बघत राहिले, गाल थरथरले,
आणि खुर्चीचा हात धरून
म्हातारा असा हसला
की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला.
'हां. तशीच. थोडी डावीकडं.'

घंटा ते विसरून गेले,
की ठेवून गेले, मी विचारलं नाही.
नोटांना पेंडीचा वास होता.

बोर्डावर एक ओळ वाढवलीय:
जीभ बाहेर हवी असल्यास
आगाऊ सांगणे.