कान नसलेलं घड्याळ

गुजरीत तीन दुकानांनी परत केलं.
अठराचं सोनं, म्हणाले, आम्ही बाविसाच्या खाली तोलत नाही,
आणि आतलं यंत्र वजनातनं वजा.
मला विकायचं नव्हतं. मला साल हवं होतं.

भाऊसिंगजी रोडला, जिन्याखालच्या दुकानात
दस्तगीर अत्तार. डोळ्याला भिंग,
भिंगाला दोरा, दोरा कानामागं.
"ह्याला कान न्हाईत बघा," ते म्हणाले,
"पट्टा अडकवायचे कान. डबीतनंच पट्टा उगवलाय,
मनगटातनं तळवा उगवावा तसा.
असली फॅशन सत्तरनंतरची."

बाबा सांगायचे, सदुसष्ट. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं.
सांगताना मनगट पुढं करायचे, रिकामं.
घड्याळ कपाटात असायचं, किल्ली आईकडं.

पाठ उघडली. रुपयाएवढं झाकण,
आत ठशाचं, मोहरीएवढं, बाईचं डोकं.
"ही त्यांच्या देशाची बाई. कधी कड्यांवर पण बसवत्यात."
मग नंबर. कळकट यादीवर बोट
खाली खाली गेलं, थांबलं: चौऱ्याहत्तर.
"आधीचं शक्य न्हाई. एखादं वर्ष पुढंच धरा."

झाकण दिव्याखाली तिरकं केलं
आणि गप्प झाले.
सुईनं कोरलेली दोन अक्षरं, एक तारीख.
"हे आमच्या अब्बांचं अक्षर."

अब्बांच्या वह्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात.
मागवलेला चहा साय धरून बसला, तेव्हा सापडलं:
नोव्हेंबर शहात्तर. तेल, काच.
बाई स्वतः आल्या. मनगट बारीक.
चार कड्या काढल्या. कड्या परत दिल्या.
खाली सही. आईची,
माहेरच्या आडनावानं.

तेव्हा ती शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर
हिशेब लिहायची. एवढं माहीत होतं.
तिच्या हातात घड्याळ मी कधीच पाहिलं नाही.
बाबांनी ते सदुसष्ट कुणासाठी रचलं,
की तिनंच रचून त्यांच्या तोंडी दिलं?
अत्तार पट्टा पुसत होते. फडक्याखालनं वीण वर आली,
ज्वारीच्या कणसासारखी, दाट,
एका अंगाला कललेली.

ही वीण मी रोज पाहिली होती.
भाकरी थापताना, पदर खोचताना,
तिच्या दोन्ही कानांत, चौकोनी.

वहिनीला फोन लावला.
"आईची कानातली काढ. उलटी कर.
मागं बारीक बाईचं डोकं आहे का बघ."
"आत्ता?"
"आत्ता."
भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.
"थांबा," म्हणाली, "चष्मा कुठं ठेवलाय बघते."