कुणाची पाळी

तेजल म्हणाली, बोर्ड गेम आणलाय,
तर नानांनी चष्मा वर केला :
बोर्ड? कुठल्या भाषेत?
आमच्या वडगावात हा प्रश्न
कुणी विनोदानं विचारत नाही.
त्यांच्या भुवईवरची जुनी खोक
अशाच एका बोर्डापायी आलेली.

अमावस्या होती. गल्लीतले माग बंद.
खटाखट थांबली की इथं माणसं
सवयीनं ओरडूनच बोलतात,
मग आपल्याच आवाजाला दचकतात.
तेजलबरोबर तिच्या होस्टेलची विद्याश्री, गोकाकची.
आणि समोरचे ईरप्पा,
वाटीभर साखर मागायला आलेले
नि वाटी मांडीवर घेऊन बसलेले.

खोका उघडला.
फासा होता, पण बारा बाजूंचा.
निळे तुकडे म्हणजे पाणी, हिरवे शेत.
लाकडाच्या चार होड्यांतली एक
आधीच कुठंतरी हरवलेली.
तिच्या जागी मी मागावरची कांडी ठेवली.

नियम इंग्रजीत. विद्याश्री वाचायची,
ईरप्पांना कन्नडमधे सांगायची,
तेजल आम्हाला मराठीत,
आणि दोन्हीकडून आलेला नियम
चटईच्या मधोमध
थोडा तिसराच व्हायचा.
म्हणे नदी चढतेय.
म्हणे गावातली वीस पोती धान्य
पाण्याच्या आधी टेकडीवर न्यायची.
सगळ्यांनी मिळून.

नाना थांबले.
– मग हरवायचं कुणाला?
– कुणाला नाही. नदीला.
– आणि नदीकडनं कोण खेळणार?
– ती आपोआप खेळते, नाना.
ईरप्पा म्हणाले, बळ्ळारी नाल्यागत.
त्यावर कुणी हसलं नाही.
त्या वर्षी गुडघाभर पाण्यातनं
सुताची गाठोडी जो तो
जवळ दिसेल त्या माळ्यावर चढवत होता.
नंतर आठवडाभर आम्ही निवडत बसलेलो,
कुठलं सूत कुणाचं.

पहिल्या डावात बुडालो.
नानांनी आपली पोती तेवढी वाचवली,
बोट लावून मोजली. आठ.
– हरलो आपण, तेजल म्हणाली.
– मी नाही हरलो.
– सगळेच हरलो, नाना.
ते त्या आठ पोत्यांकडं बघत राहिले,
दुसऱ्याची चप्पल घालून घरी आल्यासारखे.

मंगलनं कुंदा आणला.
वाट्या ठेवायला जागा नव्हती,
एक वाटी नदीतच ठेवली.

दुसऱ्या डावात
विद्याश्री नानांना म्हणाली, निन्न पाळी,
आणि तेजलनं मराठी करायच्या आत
नाना खेळून मोकळे.
पाळी तिकडंही पाळीच.
वीस वर्षं ईरप्पा आणि मी एकाच शेडमधे,
पहाटे सहाला दारात, अर्धवट झोपेत
एकमेकांना पाळी देत आलो.
शब्द कुणाचा, हे विचारायला
त्या वेळी डोळेच उघडे नसायचे.

पाणी शेवटच्या घरापाशी आलं.
नेमकी ती कांडीच अडकली, ईरप्पांची,
वर तीन पोती.
– येऊलालंय की गा पाणी!
नाना गुडघ्यावर उठले,
माग चालू असल्यासारखे ओरडले,
– माझी राहू देत, त्याची घे, त्याची!

अकराच्या वर काही पडलं तरच सुटका.
ईरप्पांनी फासा कपाळाला लावून टाकला.
तो चटई सोडून, उंबऱ्याला आपटून
कपाटाखाली गेला.
मंगलनं केरसुणीनं काढला,
बरोबर कॅरमचा एक काळा नि शर्टाचं बटण.
केरसुणीत कुठली बाजू वर होती
कुणाला दिसली असेल?

– बारा, नाना म्हणाले.
– हन्नेरडु, ईरप्पा म्हणाले, त्याच दमात.
– बाराच की ते.
– मग मी काय म्हणालो?
दोघं एकमेकांकडं बघेनात.
एवढं एकमत ह्या गल्लीत
मी तरी ऐकलं नव्हतं.
पोरींनी पोती टेकडीवर नेली.

साडेअकराला ईरप्पा गेले.
मी दाराला कडी लावतोय
तोवर परत आले,
रिकामी वाटी पुढं केली.