मूठ

आईचा हिशेब माणसामागे एक वाटी तांदूळ,
आणि सगळं मोजून झालं
की त्यातली एक मूठ परत,
चुलीशेजारच्या डालड्याच्या डब्यात.
मूठ काढताना तिचे ओठ हलायचे.
एकदा विचारलं, काय म्हणतेस गं?
म्हणाली, "काय न्हाई रं, दाढ दुखतीया."

रविवारी डबा पिशवीत ओतून
विचारे माळावरनं चालत चर्चला.
अर्पणाच्या गीतात बायका पुढं जायच्या
नि परातीत आपापली पिशवी रिकामी करायच्या.
घनसाळ, इंद्रायणी, रेशनचा जाडा,
सगळं एकात एक.
पाळकांच्या घरचा भात त्यामुळं
कधी एकसारखा शिजला नाही,
काही शितं मऊ, काही दाताखाली.
पाळक हसून सांगायचे,
"मंडळी जशी, तसा भात."

कृपावती गेली तेव्हा
आईच्या शेजारची जागा मागितली मी.
आवळ्यांनी वर्गणीची पावती मागितली.
तीन वर्षांची थकबाकी निघाली.
जागा मिळाली ती कुंपणाकडेची, नळाच्या चरीजवळ.
मातीचा हात झटकला
आणि पुन्हा ती पायरी चढलो नाही.

तरी रविवारी साडेआठला
अंग आपसूक उठायचं, पांढरा शर्ट शोधायचं.
मी त्याला मिसळ खायला न्यायचो.
समोर ताट आलं की डोळे मिटलेले,
पोऱ्या विचारायचा,
"काका, बरं वाटतंय न्हवं?"

एकट्याचा भात. अर्धी वाटी.
कुकरमध्ये पाणी ओतावं
तर हात मूठ भरून माघारी निघालेला.
अरे, अर्ध्या वाटीत उरलं काय?
ओरडलोसुद्धा त्याच्यावर,
कुणाला देणार आहेस?
हात ऐकेना.
त्याला वळण माझं नव्हतं.

डबा भरला. मग बिस्किटांचा पत्र्याचा.
मग रंगाची बादली.
चौदा महिन्यांनी झाकण काढलं
तर तांदूळ चालत होता.

बुधवारी दुपारी, कुणी नसेल अशा वेळी,
बादली लुनावर घालून गेलो.
शांतवन घंटेवाला पायऱ्या झाडत होता.
त्यानं तांदळात हात घातला, पार कोपरापर्यंत,
आणि विहिरीचं पाणी सांगावं तसं म्हणाला,
"लई दिवस आला न्हाईस."

सुपं आणली. तांदूळ उन्हात पसरला.
टोके सावलीकडं पळाले, आम्ही मागं मागं.
तेवढ्यात आवळ्यांची स्कूटर.
मला बघून थांबले. चष्मा पुसला. परत पुसला.
मग पँट गुडघ्याशी ओढून खालच्या पायरीवर बसले
आणि एक सूप पुढ्यात घेतलं.
नजर गेलेली,
टोके सोडून तांदूळच वेचून टाकत होते.
मी सांगितलं नाही.
शांतवन म्हणाला, "असू दे, चिमण्या खातील."
दोडका किती महागला यावर थोडं बोलणं झालं.

सहाला घंटा. प्रार्थनासभेची सातच माणसं.
पहिलं गीत सुरू झालं आणि
मी ठरवण्याआधी गुडघे उभे,
केसांत तुसं, हातात सूप तसंच.

माफी अजून कुणी मागितलेली नाही.
मीही दिलेली नाही.
तांदूळ भरला पंधरा किलो, वर थोडा.
सीपीआरच्या दारात पेशंटची माणसं झोपतात,
त्यांच्या पेजेला गेला.

रात्री घरी अर्धी वाटी मोजली.
बादली धुऊन उपडी घातलेली.
मूठ हवेत थांबली,
पहिल्यांदाच मला विचारत.

ओठ हलले असतील माझे.
कुणी ऐकलं असतं
तर मीही दाढेचंच सांगितलं असतं.