चोवीस लिटर

नागदेवी स्ट्रीटला कुतुबभाईंकडे
सात कॉम्प्रेसर फुटपाथवरच मांडलेले.
नारिंगी, निळे, एक काळा.
मी थेट मोठ्याकडे गेलो,
पन्नास लिटर, पट्ट्याचा, दोन घोड्यांचा.
कारखान्यात होता तो याचा आजोबा शोभला असता.
त्याच्या शेजारी मी एकतीस वर्षं उभा होतो.

साहेब, रंगवायचं काय?
म्हटलं, टेबलफॅन. जुने, लोखंडी जाळीचे.
भंगारातून आणतो, उघडतो, वाइंडिंग करतो,
मग रंग. ब्रशने मारला तर पात्यांवर रेघा उठतात,
तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या.
ठेवणार कुठे?
नेहरूनगर, तिसरा मजला, बंद केलेली गॅलरी.
सहा बाय चार.
ते हसले नाहीत. चष्मा पुसला.
"घोडे विचारू नका. टाकीपण नका विचारू,
टाकी म्हणजे नुसती साठवण.
मिनिटाला हवा किती देतो, ते बोला."
साठवणीचं मला लगेच पटलं.
पगार थांबल्यावर माझीही टाकीच उरलीय.

हेमलताला आणलं होतं पिशवी धरायला,
असं तिला वाटत होतं.
म्हटलं, मशीनच्या पलीकडे उभी राहा
आणि बोल काहीतरी.
मोठा सुरू झाला. फुटपाथ थरथरला,
समोरच्या नटबोल्टवाल्याने मान वर केली.
तिचे ओठ हलले, मग हातही.
मुद्दा बराच मोठा होता, एवढंच कळलं.

मग काळा. बिनतेलाचा, चोवीस लिटर.
भिंतीपलीकडे कुणी चटणी वाटावी इतपत.
आणि त्यातून तिचं अख्खं वाक्य आलं:
"डावा कान तर घालवलातच."

दीड हजार जास्त, ताकद निम्मी.
निघताना मोठ्याच्या डोक्यावर हात ठेवला.
चटका बसला.

टॅक्सीवाल्याने जिन्याशी सोडून दिलं.
खालचा घोसाळकर, विमानतळावर रात्रपाळी,
बनियनवर बाहेर आला,
काय आहे न विचारता एक टोक उचललं.
दुसऱ्या मजल्यावर दम घेताना विचारलं,
"आवाज करतो का?"
म्हटलं, दुपारी दोननंतर.
"चालेल," म्हणाला, आणि परत उचललं.

तीन पाती रंगवायला मध्ये दोनदा थांबावं लागतं,
काटा पुन्हा वर चढेपर्यंत.
बंदूक हातात, नजर काट्यावर, बाकी काहीच नाही.
फोरमनने हे बघायला हवं होतं.

पुस्तिकेत लिहिलंय, टाकीतलं पाणी रोज काढा.
पाणी कुठलं? भरली तर हवाच.
संध्याकाळी खालची चावी सैल केली,
फुस्स झालं, आणि वाटीत पडलं
दोन चमचे, किंचित तांबूस.
मुंबईची हवा, पिळली की गळते.
हेमलताने वाटी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं.
"माहुलचा वास येतोय," म्हणाली. "शी."
मी वाटी घेतली. हुंगलं. पुन्हा हुंगलं.
काहीच नाही.
कान दरवर्षी तपासायचे कारखान्यात.
नाकाचं कुणी कधी विचारलंच नव्हतं.