वीत

रोज रात्री मी वीत टाकून बघते.
कण्याजवळ तिचं शेपूट,
बरगडीखालून वळून
छातीच्या हाडाशी तिचं तोंड.
मधे अजून दोन विता आणि चार बोटं.

म्हात्रीण मावशीनं दारातूनच सांगितलं होतं,
तोंडाला शेपूट लागला का मानूस गेला.
घणसोलीला एकजण गेरू लावतो,
मंगळवारी, नारळ घेऊन जायचं.
नारळ आणला मी. खोटं कशाला बोलू.

कोपरखैरण्याच्या या खोलीत
पन्नास किलोची गोणी झेलणारी पाठ
बनियन सोसत नाही.
कांदा-बटाटा मार्केटात त्यानं सांगितलंय, उसण भरली.
उसणीला मुकादम मान देतो.

वाशीच्या दवाखान्यात
डॉक्टर आयरीननी फोडांआधी
डबी उघडून रोजच्या गोळ्या मोजल्या.
सहा उरायला हव्या होत्या, उरल्या सतरा.
अकरा रात्री. जत्रेच्या, पाटणला भावाच्या घरी,
जिथं फडताळाला कडी नाही
आणि सगळ्यांना वाचता येतं.
ओरडल्या नाहीत. यामुळेच आली असं नाही, म्हणाल्या,
पण तिला वाट मोकळी मिळाली.

मग कागदावर माणूस काढला, मधोमध रेघ.
ही नस इथून निघते, इथं संपते,
रेघेपलीकडं तिला रस्ताच नाही.
जरा थांबल्या.
तुमच्यासारख्यांत कधी दुसरीकडंही उठते.
डोळ्याजवळ काही दिसलं
तर रात्र असली तरी या.

आठशेची गोळी. सहाला, दहाला, दोनला,
परत सहाला, परत दहाला.
पाच वेळा म्हणजे आमच्या नमाजाएवढं,
शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली
आणि तिचं तिलाच हसू आलं.

तो शिक्का मारून घ्यायला बाहेर गेला.
मी उठले नाही.

त्याच्या दुखण्याला नाव होतं.
नाव असलं की लोक येतात,
मोसंबी आणतात, पाला सुचवतात.
माझं दोन वर्षं येतंय, जातंय,
पाळीच्या आधी, साडीच्या आत,
लघवीला बसलं की भिंत धरावी लागते.
मी त्याला उष्णता म्हणायचे.
सब्जा भिजवून प्यायचे.

मला पण, एवढंच म्हणाले.

त्यांनी दार लावलं, दिवा जवळ ओढला.
हातमोज्यातला हात होता, तरी
तिथं इतक्या सावकाश कुणी कधी
ते राहू दे.

ही त्याच घराण्यातली, म्हणाल्या,
नागिणीची चुलत बहीण.
घर सोडून जाणार नाही,
पण गप्प बसवता येते.
चारशेची, दिवसातून तीनदा.
आणि मला म्हणाल्या, आधी का नाही बोललात?
मी तेव्हा पर्सची चेन
उघडत होते, लावत होते.

आता मोबाईल दिवसभर वाजतो.
त्याचे पाच, माझे तीन,
आणि रात्री नऊला दोघांची जुनी एकेक,
ती समोरासमोर घ्यायची असं ठरलंय.
ठरलंय म्हणजे मी ठरवलंय.

नवव्या दिवशी खपल्या धरल्या.
नस मात्र जळतेच. महिनेन् महिने जळेल म्हणे.
झोपेत तो कूस बदलतो आणि
हमालीतली जुनी शिवी देतो, कुणाला कोण जाणे.

मंगळवार गेला. नारळ फळीवर आहे,
हलवला की पाणी वाजतं.

आज वीत टाकली. किती? त्यानं विचारलं.
दोन विता, चार बोटं. तेवढीच.
मग भिंतीकडं तोंड करून,
तुझं?

मी म्हटलं, जरा बरं आहे.
पंधरा वर्षांत हा प्रश्न
त्याच्या तोंडून निघाला नव्हता,
त्यामुळं उत्तर कुठं ठेवायचं कळेना.
खाली कुणाचा तरी टेम्पो चालू होत नव्हता.
किल्ली फिरत होती,
परत फिरत होती.